कच्चं लिंबू की मुरलेले? ब्रिटनमध्ये ऑनलाइन बुकी निवडण्याआधी

"बेटिंगसाठी कुठली साइट चांगली?" वर्ल्ड कप किंवा फुटबॉलचा युरो कप जवळ आला की इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याच्या खाली रेफरल लिंकांचा पाऊस पडतो. लिंक टाकणाऱ्याला तुमच्या खात्यामागे काहीतरी मिळणार असतं, त्यामुळे चांगली म्हणजे कोणासाठी चांगली, हे कोणी विचारत बसत नाही. खरं तर तोच प्रश्न आधी विचारायला हवा. नवख्याला अशी साइट लागते जी त्याला वेळेवर थांबू देईल. मुरलेल्याला अशी लागते जी भाव चांगला देईल. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी क्वचितच मिळतात, आणि जाहिरात दोघांनाही एकच दाखवली जाते.

हा लेख इंग्लंड, स्कॉटलंड किंवा वेल्समध्ये राहणाऱ्या, अठरा वर्षं पूर्ण झालेल्या माणसांसाठी आहे. भारतात राहणाऱ्यांसाठी नाही. तिथे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे. अशी सेवा चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. तेव्हा नाशिकचा किंवा सांगलीचा कोणी 'बेटिंगचा आयडी देतो' म्हणून मेसेज करत असेल, तर त्याचा आणि या लेखाचा काही संबंध नाही.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच. पैजेचा भाव असा लावलेला असतो की दीर्घकाळात बहुतेकांचे पैसे जातात. हा फसवणुकीचा प्रकार नाही, धंद्याचा हिशेबच तसा आहे. तो हिशेब पुढे दाखवतोच. पण ज्यांना घरभाड्याला किंवा फीच्या हप्त्याला पैसे कमी पडतायत म्हणून हा मार्ग सुचला असेल, त्यांनी वाचन इथेच थांबवलेलं बरं.

पायरी १: आपण नेमके कुठे आहोत

वर्षांवर जाऊ नका. गावी दहा वर्षं आयपीएलवर तोंडी पैजा लावणारा माणूस इथे आल्यावर कच्चं लिंबू असू शकतो. फरक एवढाच की लहानपणीच्या खेळात कच्च्या लिंबाला आउट धरत नसत, बुकी पहिल्या चेंडूपासून धरतो.

स्वतःला हे विचारा. २.१० भावाने १० पौंड लावले आणि जिंकलो, तर हातात एकूण किती येतील? उत्तर २१, त्यात आपलेच १० आले. दुकानाच्या पाटीवर ५/२ लिहिलंय, ते दशांशात किती? ३.५०, म्हणजे पाच भागिले दोन, अधिक आपला मूळ एक. आता पुढचे दोन प्रश्न: एकाच सामन्याचा भाव दोन-तीन ठिकाणी बघून मग पैज लावता का? आणि गेल्या तीन महिन्यांत एकूण किती गेले, किती आले, हे आठवणीतून नाही तर नोंदीतून सांगता येतं का?

पहिल्या दोन प्रश्नांना अडलात तर नवखे. तिसऱ्याचं उत्तर हो असेल तर मुरत आलेले. चौथ्याचंही हो असेल, आणि नोंद दोन-चारशे पैजांची असेल, तर मुरलेले. लोक स्वतःला एक पायरी वर धरतात. ग्रुपवर 'माझं ओव्हरऑल प्लसमध्ये आहे' म्हणणाऱ्याला वही विचारून बघा.

पायरी २: परवाना, आणि परवाना म्हणजे काय नव्हे

ही पायरी तिन्ही पातळ्यांना सारखीच आहे. ब्रिटनमधल्या ग्राहकाकडून पैज घेणारी कंपनी जिब्राल्टरला बसलेली असो की माल्टाला, २०१४ पासून तिला ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनचा परवाना लागतोच. साइटच्या तळाशी परवान्याचा क्रमांक असतो. तळाशी लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. स्वतः कमिशनच्या संकेतस्थळावर जा, तिथल्या सार्वजनिक नोंदवहीत कंपनीचं नाव किंवा साइटचा पत्ता टाका. परवाना चालू आहे का, कोणकोणते पत्ते त्याखाली येतात, पूर्वी दंड झालाय का, सगळं तिथे दिसतं. नावात एखादं अक्षर बदललेल्या नकली साइटी असतात, म्हणून पत्ता अक्षरशः जुळवून बघा.

'गॅमस्टॉपवर नसलेली साइट' अशी जाहिरात करणारं काही दिसलं तर ते परवान्याविनाच आहे असं समजा. गॅमस्टॉप ही स्वतःला जुगारापासून बाहेर ठेवण्याची देशव्यापी व्यवस्था आहे आणि २०२० पासून प्रत्येक परवानाधारक ऑनलाइन कंपनीला तिच्यात असणं सक्तीचं आहे. क्रेडिट कार्ड घेणाऱ्या साइटचंही तसंच, कारण १४ एप्रिल २०२० पासून ब्रिटनमध्ये क्रेडिट कार्डाने पैज लावायला बंदी आहे.

मात्र परवाना म्हणजे पैशाची हमी नव्हे. फुटबॉल इंडेक्स नावाच्या कंपनीकडे परवाना होता. फुटबॉलपटूंचे 'शेअर' विकून ती शेअर बाजाराचा आव आणायची. मार्च २०२१ मध्ये ती कोसळली, परवाना स्थगित झाला आणि हजारो लोकांचे पैसे अडकले. म्हणून अटींच्या पानावर एक ओळ शोधा: ग्राहकांच्या पैशाला संरक्षण किती? कंपनीला ते तीनपैकी एका शब्दात सांगावंच लागतं: संरक्षण नाही, मध्यम, किंवा उच्च. 'नाही' असेल तर कंपनी बुडाल्यावर तिच्याकडून पैसे येणं असलेल्या इतरांच्या रांगेत तुम्हीही. मोठमोठ्या नावांचंही हे तपासा. नवख्याने याचा सरळ अर्थ घ्यावा: खात्यात शिल्लक साठवायची नाही. लागतील तेवढे टाकायचे, उरतील तेवढे काढायचे.

पायरी ३: भावात दडलेला बुकीचा वाटा

सगळ्या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या.

टेनिसचा सामना आहे, दोघी खेळाडू अगदी तुल्यबळ. खरा भाव दोघींनाही २.०० हवा. बुकी दोघींना १०/११ देतो, म्हणजे दशांशात १.९१. आता १०० ला भावाने भागा: सुमारे ५२.४. दोन्ही बाजूंची बेरीज १०४.८. शंभराच्या वरचे ते पावणेपाच म्हणजे बुकीचं मार्जिन. तुम्ही वर्षभर अशाच पैजा डोळे झाकून लावल्या, तर लावलेल्या प्रत्येक १०० पौंडांमागे सरासरी साडेचार पौंड त्याच्याकडे राहतील.

फुटबॉलला तीन निकाल. एका साइटवर घरचा संघ २.१०, बरोबरी ३.४०, पाहुणे ३.५०. भागून बेरीज करा: १०५.६. दुसऱ्या साइटवर तोच सामना २.००, ३.२५, ३.४०. बेरीज ११०.२. दिसायला फरक दहा-पंधरा पेन्सांचा, प्रत्यक्षात दुसऱ्या दुकानी मार्जिन जवळजवळ दुप्पट. साइट निवडताना हीच चाचणी लावा: तुम्ही ज्यावर पैज लावणार तो खेळ घ्या, पाच-सहा सामन्यांचे भाव फोनच्या कॅल्क्युलेटरवर भागा. प्रीमियर लीगच्या मुख्य निकालाला भाव कडक देणारी कंपनी काउंटी क्रिकेटला किंवा 'पहिला गोल कोण' सारख्या पैजेला वाट्टेल तसं मार्जिन लावते. ज्या पैजेत पर्याय जास्त, तिथे मार्जिनही बहुधा जास्त.

आता ॲक्युम्युलेटर, इथल्या बोलीत 'ॲका'. पाच सामने एका पैजेत, सगळे जिंकले तरच पैसे. इथे मार्जिनवर मार्जिन चढतं. वरच्या टेनिससारखे पाच सामने एकत्र केले तर १.०४७६ चा पाच वेळा गुणाकार होतो आणि बेरीज १२६ च्या वर जाते. म्हणजे १०० पौंडांमागे सरासरी २० पौंडांहून थोडे जास्त गेले. शनिवारी सकाळी ॲप उघडलं की पहिला रंगीत चौकोन ॲकाचाच का असतो, हे आता वेगळं सांगायला नको.

पायरी ४: नवख्याची साइट कशी असावी

नवख्याने भावातल्या पाच पेन्सांमागे लागू नये. त्याचं नुकसान तिथे होत नाही. ते होतं रात्री साडेअकराला, हरल्यावर, 'आता एकच' म्हणून टाकलेल्या पन्नास पौंडांत. म्हणून त्याची पहिली कसोटी: पैसे भरण्यावर मर्यादा लावणं किती सोपं आहे?

३१ ऑक्टोबर २०२५ पासून कंपनीने नव्या ग्राहकाला पहिला भरणा करण्याआधी मर्यादा ठरवायला सुचवणं बंधनकारक आहे. ती पाटी आली की घाईघाईत पुढे ढकलू नका, तिथेच आठवड्याची मर्यादा टाका. किती? जे पैसे गेले तर तुम्ही घरी सांगाल, तेवढेच. मर्यादा कमी केली तर ती तात्काळ लागू होते. वाढवायची असेल तर किमान २४ तास थांबावं लागतं, आणि त्या २४ तासांत बहुतेकांचं डोकं थंड होतं.

दुसरी कसोटी: कसिनो किती अंगावर येतो? जवळपास प्रत्येक मोठ्या बुकीच्या ॲपमध्ये खेळांच्या शेजारी स्लॉट मशीनचा टॅब असतो. क्रिकेटवर दोन पौंड लावायला आलेला माणूस पावसाने खेळ थांबला की तिकडे सरकतो, आणि तिथला वेग वेगळाच आहे. काही साइटी कसिनो बंद ठेवायची सोय देतात, ती सेटिंगमध्ये शोधा. १ मे २०२५ पासून जाहिरातीचे मेसेज कोणत्या प्रकारासाठी आणि कोणत्या मार्गाने यावेत हे वेगवेगळं विचारावं लागतं. खेळ, कसिनो, बिंगो, सगळ्या खुणा रिकाम्या सोडा. ईमेलही नको. ज्या साइटवर या खुणा शोधायला तीन पानं खाली जावं लागतं, ती नवख्याची साइट नाही.

तिसरी: कमीत कमी पैज किती. १० किंवा २० पेन्सांची पैज घेणाऱ्या साइटवर शिकणं परवडतं. आणि सेटिंगमध्ये भाव दशांशात दिसतील असं करून घ्या. ११/८ आणि १३/१० मध्ये मोठं कोणतं हे इथले आजोबा पटकन सांगतात, आपण २.३७५ आणि २.३० असा हिशेब करत बसतो.

आता बोनस. '१० पौंड लावा, ३० पौंडांच्या फ्री बेट मिळवा' वाचून ३० पौंड मिळाले असं वाटतं. फ्री बेट जिंकली तर फक्त नफा मिळतो, मूळ रक्कम परत येत नाही. २.०० च्या आसपासच्या भावाला १० पौंडांची फ्री बेट लावली तर तिची सरासरी किंमत पावणेपाच पौंडांच्या आसपास. तिन्ही मिळून चौदा-साडेचौदा. त्यातही मुदत बहुतेक सात दिवसांची, किमान भावाची अट, आणि भरणा ई-वॉलेटने केला तर ऑफर लागू नाही असं बारीक अक्षरांत. १९ जानेवारी २०२६ पासून नियम कडक झाले आहेत: बोनसची रक्कम दहापेक्षा जास्त वेळा पैजांत फिरवायला लावता येत नाही, आणि खेळावर पैज लावली तरच स्लॉटचे फेरे, अशी मिसळही बंद. चांगलं झालं. तरी बोनस पाहून साइट निवडणं म्हणजे बॅग फुकट मिळते म्हणून विमा काढणं. घ्यायचा तर घ्या, निवड त्यावर करू नका.

माझं मत विचाराल तर नवख्याने पहिलं खातं भरपूर दुकानं असलेल्या जुन्या कंपनीचं उघडावं. लॅडब्रोक्स १८८६ पासून आहे, विल्यम हिल १९३४ पासून. भाव यांचे सर्वोत्तम असतीलच असं नाही. पण बऱ्याच गावांत यांचं दुकान असतं, आणि काउंटरवर जाऊन 'ही चिठ्ठी कशी भरायची' विचारलं तर समोरचा माणूस न कंटाळता सांगतो. तिथे रोखीने दोन पौंड लावून बघण्यात जे कळतं ते ॲपच्या मदतपानावर कळत नाही.

पायरी ५: खातं उघडताना मराठी नावाची गंमत

मे २०१९ पासून नाव, पत्ता आणि वय पडताळल्याशिवाय कंपनीला पैज घेता येत नाही. इथे वर्षानुवर्षं राहिलेल्यांची पडताळणी काही सेकंदांत होते, कारण मतदारयादी आणि क्रेडिट नोंद तयार असते. नुकत्याच आलेल्या माणसाची दोन्हीकडे पाटी कोरी, म्हणून कागद अपलोड करायला सांगतात: पासपोर्ट आणि पत्त्यासाठी बँकेचं स्टेटमेंट.

आणि मग आपली नावं. पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र, आडनाव वेगळं. बँकेने जागा नाही म्हणून वडिलांचं नाव अर्धवट तोडलेलं. विद्यापीठाच्या पत्रात तिसराच क्रम. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांचं आणखी वेगळं. खातं उघडताना डेबिट कार्ड आणि स्टेटमेंटवर जसं आहे तसंच नाव टाका, आणि पासपोर्टशी फरक असेल तर पडताळणीच्या वेळीच चॅटवर कळवून ठेवा. पैसे जिंकल्यावर ही चर्चा करण्यात मजा नाही. खरं तर आधी मागता आली असती अशी कागदपत्रं पैसे काढायच्या वेळी अडवण्यासाठी मागू नयेत असा नियमच आहे, पण नियम दाखवून भांडण्यापेक्षा आधी कागद देऊन मोकळं झालेलं सोपं.

तीस दिवसांत निव्वळ भरणा १५० पौंडांवर गेला की कंपनी सार्वजनिक नोंदींतून तुमच्यावर दिवाळखोरी किंवा कोर्टाचा कर्जवसुली आदेश आहे का एवढं बघते. त्याने क्रेडिट स्कोअर बिघडत नाही. घरासाठी कर्ज काढायचा विचार असेल तर वेगळी काळजी घ्या: बँका स्टेटमेंट वाचतात, आणि त्यावर दर दोन दिवसांनी बुकीचं नाव दिसलं तर प्रश्न विचारतात.

पायरी ६: मुरत आलेल्यांसाठी दुसरं खातं, आणि नियमांचं पान

भाव वाचता येऊ लागला, नोंद ठेवायची सवय लागली, सहा महिन्यांत एकदाही मर्यादा वाढवावीशी वाटली नाही, तर दुसरं, फार तर तिसरं खातं उघडायला हरकत नाही. कारण एकच: त्याच निकालाला जो जास्त भाव देईल तिथे लावायचं. ऑड्सचेकरसारख्या तुलना करणाऱ्या साइटवर सगळ्यांचे भाव एका तक्त्यात दिसतात. बेट३६५ सारख्या मोठ्या ऑनलाइन कंपन्या या टप्प्यावर कामाच्या, कारण त्यांच्याकडे सामने आणि पैजांचे प्रकार मुबलक. त्याच कारणाने नवख्यासाठी नव्हेत.

या पातळीला साइटची खरी परीक्षा नियमांच्या पानावर होते. १४ जुलै २०१९, लॉर्ड्स, वर्ल्ड कपचा अंतिम सामना. इंग्लंड आणि न्यूझीलंड दोघांच्याही २४१ धावा. सुपर ओव्हरमध्ये दोघांच्याही १५. मग चौकार-षटकार मोजले, इंग्लंडचे २६, न्यूझीलंडचे १७, आणि कप इंग्लंडला. तुमची पैज 'सामना कोण जिंकेल' अशी असती तर काय झालं असतं? स्पर्धेचा अधिकृत निकाल धरायचा, की बरोबरी मानून पैसे वाटायचे, की पैज रद्द? हे आयसीसी ठरवत नाही, त्या कंपनीचं नियमाचं पान ठरवतं. क्रिकेटवर पैज लावणाऱ्या आपल्या माणसांनी तिथे तीन जागा शोधाव्यात: टाय झाल्यास काय, पावसाने षटकं कमी झाल्यास 'एकूण धावां'च्या पैजेचं काय, आणि सर्वाधिक धावा करणाऱ्या दोघांची बरोबरी झाल्यास काय. शेवटच्यात बहुधा पैज निम्म्यावर मिटते. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटं आणि दुखापतीचा वेळ एवढंच धरतात. एक्स्ट्रा टाइममध्ये आपला संघ जिंकला म्हणून नाचणारे आणि मग चॅटवर भांडणारे दर स्पर्धेत दिसतात.

घोड्यांच्या शर्यतींत तर नियमांचं जंगलच आहे. एप्रिलमधल्या ग्रँड नॅशनलला ऑफिसातले सगळे 'ईच वे' लावतात. ५ पौंड ईच वे म्हणजे खर्च १० पौंड, कारण त्या दोन पैजा आहेत: एक जिंकण्याची, एक पहिल्या काही क्रमांकांत येण्याची. किती क्रमांक धरायचे आणि भावाचा कितवा हिस्सा द्यायचा हे कंपनीगणिक बदलतं, आणि चौतीस घोड्यांच्या शर्यतीत एक क्रमांक जास्त मिळणं मोठी गोष्ट. एखादा घोडा आयत्या वेळी मागे घेतला तर उरलेल्या घोड्यांच्या जिंकलेल्या रकमेतून 'रूल फोर'ने कपात होते, पौंडामागे ५ पासून ९० पेन्सांपर्यंत. पैसे कमी आले म्हणून कंपनीला चोर ठरवण्याआधी हे बघा. सकाळी घेतलेल्या भावापेक्षा शर्यत सुटतानाचा भाव जास्त निघाला तर जास्तीचा देणारी योजना ज्या साइटवर आहे, ती शर्यतीसाठी चांगली.

कॅश आउटचं, म्हणजे निकालाआधीच पैज मोडून पैसे घ्यायचं, बटन मोहक असतं. १० पौंड ४.०० ला लावलेत, सामना तुमच्या बाजूने झुकला, भाव आता २.००. त्या पैजेची सरळ किंमत २० पौंड होते, पण बटनावर १८.५० वगैरे लिहिलेलं दिसेल. तो दीड पौंड दुसऱ्यांदा कापलेलं मार्जिन आहे. कधीमधी दाबायला हरकत नाही, सवय लावून घेऊ नका.

पायरी ७: मुरलेल्यांना बुकी नको, एक्स्चेंज हवं

इथे एक विचित्र गोष्ट कळते. सातत्याने चांगला भाव पकडणाऱ्याचं खातं बुकी आवळतो. २० पौंड लावायला गेलात तर 'कमाल पैज १ पौंड ४० पेन्स' असं येतं. कायद्याने त्याला ते करता येतं. ग्राहकाला वाटतं आपल्याशी दावा धरला, पण ते वैयक्तिक नसतं, हिशेबच असतो.

मग उरतात एक्स्चेंज. बेटफेअरने २००० मध्ये हे मोठ्या प्रमाणावर सुरू केलं. स्मार्केट्स, मॅचबुक, बेटडॅक ही आणखी काही नावं. इथे समोर कंपनी नसते, दुसरा ग्राहक असतो, आणि कंपनी जिंकणाऱ्याच्या निव्वळ नफ्यावर कमिशन घेते, साधारण २ ते ५ टक्के. जिंकणाऱ्याला हाकलण्यात तिचा फायदा नसतो. मुंबईच्या सट्टाबाजारात 'लावणं' आणि 'खाणं' म्हणतात त्या दोन्ही बाजू इथे परवान्यासह खुल्या आहेत.

खाण्याच्या बाजूला हात भाजतात. एखाद्या संघाविरुद्ध ६.०० भावाने १० पौंड खाल्ले, म्हणजे तो संघ हरला तर तुम्हाला १० पौंड, कमिशन वजा जाता. जिंकला तर तुमच्या खिशातून ५० पौंड. दशांशातून एक वजा करून पैजेला गुणायचं, तेवढी तुमची जबाबदारी. हे तोंडपाठ नसेल तर परत पायरी तीनवर जा. भाव तुलना करतानाही कमिशन धरा: ५ टक्के कमिशनवर २.१० चा भाव प्रत्यक्षात २.०४५ असतो, आणि शेजारच्या बुकीचा २.०५ त्याहून बरा. शिवाय लहान सामन्यांना समोर पैसा लावणारं कोणी नसतं. काउंटीच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये तुमचे ५० पौंड तसेच पडून राहतील.

स्पोर्ट्स स्प्रेड बेटिंग, म्हणजे अंदाज जितका चुकेल तितका तोटा वाढत जाणारी पैज, हा वेगळा प्रकार आहे, त्यावर देखरेख वित्तीय नियामकाची असते आणि तोटा लावलेल्या रकमेच्या कितीतरी पट होऊ शकतो. मुरलेल्यांतल्याही फार थोड्यांनी त्याच्या वाटेला जावं.

पायरी ८: पैसे काढून बघा, आणि भारतवारीचे नियम

कुठल्याही नव्या साइटवर पहिल्या आठवड्यातच पाच-दहा पौंड काढून बघा. जिंकलात म्हणून नाही, मार्ग मोकळा आहे का हे कळावं म्हणून. ज्या कार्डाने भरले त्यावरच पैसे परत येतात. काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत आले तर ठीक. 'काढणं रद्द करून पुन्हा खेळा' असा मेसेज आला तर ती साइट सोडा. जिंकलेल्या रकमेवर ब्रिटनमध्ये ग्राहकाला कर नाही.

दिवाळीला घरी गेलात की ॲप बहुधा उघडणार नाही. व्हीपीएन लावून उघडू नका, तसं केल्यास बहुतेक कंपन्यांच्या अटींनुसार खातं बंद आणि शिल्लक अडकू शकते. आणि पुण्याहून चुलतभाऊ 'माझे दहा हजार तुझ्या अकाउंटवरून लाव, तुला इथे देतो' म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणा. खातं फक्त खातेदाराच्या पैशाने चालवायचं असतं. पैसे आले कुठून हे विचारलं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, चुलतभावाला नाही. नात्यात वाईटपणा येईल तो परवडला.

पैज चुकीची मिटवली असं वाटलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, चॅटचे स्क्रीनशॉट आणि त्या दिवशीचं नियमाचं पान जपून ठेवा. आठ आठवड्यांत समाधान झालं नाही तर कंपनीने नेमलेल्या तटस्थ निवाडा संस्थेकडे जाता येतं. अनेक बुकींसाठी ती आयबास आहे, आणि ग्राहकाला फुकट आहे. गॅम्बलिंग कमिशन वैयक्तिक पैजेचा निवाडा करत नाही, तिथे पत्र लिहून वेळ घालवू नका.

आणि सगळंच बंद करायची वेळ आली तर एकेका ॲपच्या मागे लागू नका. आधी शिल्लक काढून घ्या, मग गॅमस्टॉपवर नाव नोंदवा: सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं. निवडलेली मुदत संपण्याआधी ते उठवता येत नाही. नोंदणी करताना जुने ईमेल, जुने फोन नंबर आणि आधीच्या घराचे पोस्टकोडही द्या, नाहीतर जुन्या पत्त्यावरचं खातं जाळ्यातून सुटतं. मोन्झो, स्टार्लिंग, बार्कलेज यांसारख्या बँकांच्या ॲपमध्ये जुगाराचे व्यवहार अडवायचं बटन आहे, तेही लावा. बोलायला कोणी हवं असेल तर राष्ट्रीय हेल्पलाइन ०८०८ ८०२० १३३, चोवीस तास आणि फुकट. नियंत्रण सुटतंय असं वाटत असेल तर हा फोन मर्यादा ओलांडल्यावर नाही, त्याआधी करायचा.